साळूच्या वाट्याचे चार हात

सागाच्या एका जंगलात एक ससा राहत असे. दिसायला एवढासा, पण कामाला वाघ. कुणाचं काही बुडवायचं नाही आणि आपल्या वाट्याला आलेलं काम टाळायचं नाही, याचा त्याला अभिमान होता. अभिमान रास्तच होता म्हणा. पुढे त्याचं जरा चुकलं, ते कसं तेच सांगतो.

मुलांनो, त्या जंगलात एक जुनी रीत होती. पानगळ सरली की सगळ्या प्राण्यांनी मिळून डोंगराच्या कडेने पाचोळा झाडायचा आणि एक लांबलचक मोकळा पट्टा करायचा. त्याला जाळरेषा म्हणत. उन्हाळ्यात वणवा पेटला तरी तो या पट्ट्यापाशी येऊन थांबे, कारण पुढे जाळायला काही उरलेलंच नसे. ज्याच्या अंगात जेवढं बळ, तेवढा त्याचा वाटा. गव्याने शंभर हात झाडायचे, रानडुकराने तीस, सशाने दहा. सशाला हात नसतात हे मलाही माहीत आहे, पण मोजायला काहीतरी हवं ना. एक साळू होती, अंगभर काट्यांची, फार म्हातारी आणि डोळ्यांनी अधू झालेली. तिच्या बिळापुढचे चार हात बाकीच्यांनी पाळीपाळीने झाडून द्यायचे, असं ठरलेलं होतं.

एका वर्षी प्राण्यांच्या सभेचा कारभारी कोल्हा उभा राहिला आणि गोड आवाजात म्हणाला, की गवा आपल्या जंगलात नुसता उभा राहतो हीच त्याची केवढी मदत आहे. त्याच्यावर आणखी भार टाकला आणि तो रागावून पलीकडच्या जंगलात निघून गेला, तर आपलं काय होईल? सगळे घाबरले. गव्याला माफी मिळाली आणि त्याचे शंभर हात लहानसहान प्राण्यांवर वाटून टाकण्यात आले. सशाचे दहाचे अठरा झाले.

त्या वर्षी अठरा हात झाडताना सशाचे पाय सोलून निघाले. त्यातच साळूचे चार हात झाडायची पाळीही नेमकी त्याच्यावर आली. साळू बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसली होती. तिला पाहून सशाच्या अंगाचा तिळपापड झाला. गवा तळ्याकाठी लोळत होता तेही त्याला दिसत होतं, पण गव्यापुढे बोलायची छाती कुणाची? त्याने सभेत सगळा राग साळूवर काढला.

"आम्ही राबायचं आणि हिने बसून राहायचं, हा कुठला न्याय? ज्याचा त्याने आपापला वाटा झाडावा."

कोल्ह्याने लगेच मान डोलावली. गवासुद्धा म्हणाला, की पोरगं शहाणं आहे, फुकटची सवय वाईटच. गव्याने आपलं कौतुक केलं म्हणून ससा मनातून सुखावला. साळू एवढंच म्हणाली, "बरं. जमेल तेवढं झाडीन."

तिला जमलं हातभर. चाचपडत, काट्यांनी पाचोळा ढकलत तिने तेवढा पट्टा मोकळा केला आणि दमून बिळात गेली. उरलेले तीन हात तसेच राहिले. सशाची चरायची जागा अगदी शेजारी, त्यामुळे येता-जाता त्याला तो पाचोळा दिसे. घटकाभराचं काम होतं. एकदोनदा त्याचा पाय उचललाही गेला. पण आता प्रश्न तत्त्वाचा होता, म्हणून त्याने तिकडे पाहायचंच सोडून दिलं.

चैत्रातल्या एका दुपारी मोहाच्या झाडांखाली आग लागली. वारा सुटलेला होता. बघता बघता वणवा जाळरेषेपाशी आला आणि दरवर्षीप्रमाणे थांबला. रेषेच्या कडेकडेने तो घुटमळत पुढे सरकत गेला आणि साळूच्या बिळापुढे त्याला तीन हात वाळलेली पानं मिळाली. त्याला तेवढी वाट पुरली.

ससा तेव्हा ओढ्यावर होता. धूर दिसताच तो जिवाच्या आकांताने धावत आला. त्याच्या गवतात त्याची दोन पिल्लं होती. तिथे आता गवत नव्हतं, काळी राख होती. ससा त्या गरम राखेत इकडून तिकडे धावला, हाका मारल्या, आणि शेवटी मटकन खाली बसला. आपणच हे केलं, एवढंच त्याला सुचत होतं.

तेवढ्यात बिळातून साळूचा आवाज आला. "कोण रडतंय? दोन पिल्लं माझ्याकडे आहेत. तुझी आहेत का?"

पिल्लं धडपडत बाहेर आली. साळूने सांगितलं की आच लागली तसं कुणाचं तरी चीं-चीं ऐकू आलं, म्हणून तिने हाका मारून त्यांना खोल आत घेतलं. कुणाची ते तिला दिसलं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं.

ससा शरमेने म्हणाला, "आजी, माझं चुकलं. काम फार जड झालं होतं."

"जड होतंच रे," साळू म्हणाली. "पण माझे चार हात काढून टाकलेस, तरी तुझे अठरा अठराच राहिले ना?"



पुढच्या सभेत कोल्ह्याने, वणवा साळूच्या आळसामुळे आत शिरला, असं सांगायला सुरुवात केली. ससा उभा राहिला. "साळूआजीचे चार हात मी झाडीन. गवादादा, तुमचे शंभर कोण झाडणार?"

रानडुक्कर सशाशेजारी येऊन उभं राहिलं. त्यामागून मोर आला, मग खारीही आल्या. गव्याने फुत्कार टाकला, पलीकडच्या जंगलात जाण्याची भाषा केली आणि तो खरोखरच निघून गेला. चौथ्या दिवशी परत आला आणि कुणाशी न बोलता खुरांनी पाचोळा ढकलू लागला. पलीकडच्या जंगलातही जाळरेषा होती.

तात्पर्य : ओझं जड झालं, तर ते आपल्यावर कुणी टाकलं हे आधी पाहावं, आपल्याहून दुबळ्याचा आधार काढून घेतल्याने ते हलकं होत नाही.