पिंपाचा राग

भांडीकुंडी आपसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. मालिनीबाईंच्या गच्चीवर एक जुनं पिंप होतं. त्यातल्या हिरव्या पाण्यात पाणपिसवा वाढत, टाचणीच्या डोक्याएवढे, टुणटुण उड्या मारणारे जीव. घरातल्या माशांचा तोच खाऊ. रोज सकाळी छोटी जाळी येई आणि चमचाभर पिसवा उचलून नेई. पिंपाला त्याचा भारी राग येई.

एके दिवशी ते पिसवांना म्हणालं, "तळाशी बसा गं पोरींनो. वर यायचं नाही."

जाळी रिकामीच वर आली. काकुळतीला येऊन म्हणाली, "अरे, माशांना कालच पिल्लं झालीत. ती काय खातील?"

"ते मला नको सांगूस," पिंप फणकारलं.

चार दिवस जाळी तशीच परत गेली. पिसवा वाढतच राहिल्या. पाणी काचेसारखं नितळ झालं, तसं पिंप हरखलं. पण ती हिरवाई म्हणजेच पिसवांचं अन्न होतं, आणि वाढलेल्या तोंडांनी ते संपवून टाकलं होतं. पाचव्या सकाळी तळाशी उपाशी मेलेल्यांचा पांढुरका थर साचला. उरलेल्या कशाबशा हलत होत्या.

पिंपाने स्वतःच हाक मारली, "जाळी, ये गं."

जाळीने काठावरूनच विचारलं, "राग गेला तुझा?"

"नाही गेला," पिंप म्हणालं. "तो राहू दे. तू येत जा."