राईची जागा

त्या राज्यातल्या मुंग्यांना ‘आहे’, ‘नाही’, ‘होते’ आणि ‘संपले’ एवढेच बोलता येई. जे नाही त्याविषयी याहून अधिक बोलणे हा गुन्हा होता, कारण खोट्या वासामागे जाऊन पूर्वी एक अख्खी रांग बुडाली होती.

मिरीची बहीण राई ओढ्यात वाहून गेली. दोघी रोज वळणावरच्या खड्याशी मिशीला मिशी लावत. आता मिरी तिथे एकटीच थबके आणि मागची रांग तुंबे. मुकादम मुंगळ्याने बजावले, "राई संपली. पुन्हा थांबलीस की तुझी रांग संपली." रांगेबाहेरच्या मुंगीला वारूळ नसते.

कोणीच बोलत नाही अशा एका जुन्या भाषेत नसलेल्या गोष्टींसाठी क्रियापदाचे वेगळे रूप असते, असे मिरीने ऐकले होते. त्या भाषेचे ग्रंथ खाऊन म्हातारी झालेली एक कसर फडताळात राहत होती. मिरी तिच्याकडे शिकायला गेली.

कसरीने पहिले वाक्य वाचून दाखवले, "टेकडीपलीकडे तीळ असता, तर बरे झाले असते."

मिरी टेकडी चढून गेली आणि धापा टाकत परतली.

"तिथं तीळ नाही, आजी!"

"आहे असं कुठं म्हटलंय?"

"मग नाही म्हटलंय?"

"तसंही नाही गं."

"आहेही नाही, नाहीही नाही. मग मी उचलू काय, तुमचं डोकं?"

दुसरे वाक्य होते, "पाहुणीला मध मिळो." मिरी मध यायची वाट बघत बसली. संध्याकाळ झाली. रूपे घोकून घोकून पाठ झाली, अर्थ मात्र हाती येईना. शेवटी तिने पान लाथाडले. "एवढे ग्रंथ खाल्लेत, तुमचं तरी पोट भरलं का?"

कसर पानावरून हळूहळू चालत गेली. "अक्षर खाल्लं की पानाला भोक पडतं, मिरे. ते भोक काही मला खाता आलं नाही."

मिरी चिडूनच घरी गेली.

सकाळी रांग निघाली. मिरीने पुढच्या मुंगीच्या मागे थोडी जागा सोडली.

"अगं, सरक की पुढं! कुणाची वाट बघतेस?" मागची ओरडली.

मिरीने जागा तशीच ठेवली. वळणावर मुकादम टपून उभा होता. ती थांबली नाही. रांग चालत राहिली आणि ती जागाही तिच्यासोबत खड्यावरून पुढे गेली.

वारुळाच्या दाराशी पहारेकरीण आत येणाऱ्या प्रत्येकीला मिशी लावत होती. पुढची मुंगी आत गेली. पहारेकरणीची मिशी रिकाम्या जागेवर आली, एका मुंगीला लागतो तेवढा वेळ तिथे टेकली आणि मग मिरीकडे वळली.