धोंड्याच्या कानातलं नाव

“रेघ वर चढतेय, एवढं तरी दिसतंय ना बाबा तुम्हाला?”

राखणबाबा हसले. मांडीवरच्या धोंड्याला तेल चोळायचे काही थांबले नाहीत.

“दिसती की. कुठं निघाली म्हनायची ही?”

डॉ. श्रीनिवास टाकसाळे यांनी आलेखाचा कागद आणखी पुढे केला. देशातला माणूस सरासरी किती वर्षं जगतो, याचा हिशेब करण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. परदेशातसुद्धा लोक त्यांचं भाषण टिपून घेत. आणि इथे भर दुपारी, सासुरवाडीच्या माळावर, एका लंगोटीतल्या म्हाताऱ्याला ते तेच भाषण ऐकवत होते.

“देश स्वतंत्र झाला तेव्हा आयुर्मान तिशीच्या आसपास होतं. आज सत्तरीच्या घरात आहे. लशी आल्या, दवाखाने आले, पाणी शुद्ध झालं. हे माणसांनी केलं, बाबा. धोंड्यांनी नाही.”

“खरं हाय,” बाबा म्हणाले. “लस टोचनारी बाई येती ना, तिला ह्या ओट्यावर मीच जागा दिली. आधी दंडावर सुई, मग धोंडा. सुई न टोचता लेकरू आनलं तर मी आल्यापावली माघारी धाडतो.”

टाकसाळे जरा चपापले. वाद घालायला आलेल्या माणसाला समोरचा हो म्हणाला, की त्याची पंचाईत होते.

खरं तर ते वाद घालायला आलेच नव्हते. त्यांची नुकती जन्मलेली मुलगी तालुक्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची बायको कावेरी दिवस भरायच्या फार आधीच मोकळी झाली. पोरगी म्हणजे मूठभर जीव, अजून एकदाही रडली नव्हती. डॉक्टर म्हणत होते, वाट पाहू. याआधीची दोन मुलं अशीच वाट पाहता पाहता गेली होती.

सकाळी कावेरीने नवऱ्याच्या खिशात एक टोपडं कोंबलं आणि हात जोडले. “माळावर जाऊन या. एवढंच मागते.”

म्हणून आले. पण शिकलेला माणूस नुसता कसा येईल? सोबत रेघ घेऊन आले.

वाट सोडून ते माळाच्या वरच्या अंगाने उतरले होते, कारण तिकडे मोकळं होतं. खालचा सगळा उतार धोंड्यांनी भरलेला, पाय ठेवायला जागा नाही. वरच्या अंगाला मात्र नुसतं पिवळं गवत. अर्ध्यात थांबून त्यांनी फोन पाहिला होता. दवाखान्यातून काही नव्हतं. वारा सुटला होता, शर्ट फडफडत होता. गवत मात्र हलत नव्हतं. तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं नाही. पँटला कुसळं चिकटली, ती झटकून ते पुढे आले होते.

ओट्याजवळ पोचताना एका धोंड्याला त्यांची ठोकर बसली, तसा म्हातारा तरुणासारखा उठला. गडगडलेला धोंडा उचलून त्याने पुन्हा जागेवर बसवला, वरची माती पुसली आणि हळूच विचारलं, “लागलं का गं, शेवंता?”

टाकसाळ्यांनी मनात म्हटलं, घ्या! वेड्यांच्या बाजारात आलो.

“सरासरी म्हंजी काय, जावईबापू?” आता बाबा विचारत होते.

“म्हणजे… सगळ्यांची आयुष्यं एकत्र करायची आणि सगळ्यांना सारखी वाटायची. एकेकाच्या वाट्याला येईल ती सरासरी.”

“मग वाटता का?”

“काय?”

“सारखी.”

“छे! खरोखर कुठे वाटता येतात? तो नुसता हिशेब असतो.”

“आस्सं.” बाबांनी तेलाचा हात धोंड्यावरून फिरवला. “माझा करा बरं हिशेब. आमी सात भावंडं. सहा जनं बोलायला लागायच्या आत गेली. राहिलो मी. एक्क्याण्णव.”

टाकसाळ्यांना हिशेबाची भारी हौस. कागदाला हातही लावावा लागला नाही. “तेरा.”

“तेरा.” म्हाताऱ्याने शब्द जिभेवर घोळवला. “माझ्या वाट्याची तेरा. मग त्याच्या पुढची मी कुनाची जगलो?”

टाकसाळे हसले. हसणं मध्येच अडकलं.

“तसा अर्थ नसतो त्याचा.”

“नसंल,” बाबा म्हणाले. “तुमी शिकलेले. मला आपलं रोज जेवताना वाटतं, की घास दुसऱ्याच्या ताटातला हाय.”

…

माळावर एकही पाखरू नव्हतं. ऊन असं टळटळीत, की माणसाची सावली पायाखाली गडप झालेली. कुठेतरी धोंड्यावर धोंडा आपटल्यासारखा आवाज झाला. मग दुसरीकडे. मग गप्प.

टाकसाळ्यांनी उताराकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. सगळे धोंडे वरवंट्याएवढे. सगळे उभे. वरच्यांवर कुजून विटलेली टोपडी, खालच्यांवर नवी. खाली जावं तसे दाट, वर विरळ, आणि अगदी वर काहीच नाही.

असा आलेख त्यांना डोळे मिटूनही वाचता आला असता.

“इतकी मुलं गेली?” त्यांनी विचारलं. “आणि खाली दाट होत गेलीत… म्हणजे अलीकडे जास्त? हे शक्यच नाही. सगळ्या देशात उलटं आहे. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत? पोरं मरतायत इथे आणि तुम्ही तेल चोळत बसलात?”

बाबांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

“धोंडा गेलेल्याचा नसतो, जावईबापू. जगलेल्याचा असतो.”

“म्हणजे?”

“लेकरू झालं, की बापानं घरचा धोंडा आनायचा. लेकराचं टोपडं त्याला घालायचं. नाव आधी त्याच्या कानात सांगायचं आन इथं ठेवून जायचं. तुमी बारशाला वरवंटा पाळन्याखालून फिरवता न्हाई का? तसंच. ही शेवंता खाली साळंत बाई हाय. पोराबाळांची आई झाली.”

“पण कशासाठी?”

बाबांनी तळहाताने जमीन थोपटली. झोपलेल्या जनावराला थोपटावं तशी.

“ह्या भुईला लेकरांची सवय लागली होती. एकामागं एक, घरामागं घर. आता सवयीला रिकाम्या हातानं माघारी धाडलं, तर ती घरला येती. म्हनून लेकरू म्हनून धोंडा द्यायचा. ती आंधळी हाय. टोपडं हाताला लागलं की गप बसती.”

टाकसाळ्यांना म्हणायचं होतं, की हा शुद्ध अडाणीपणा आहे. तोंडातून निघालं भलतंच.

“मग जी गेली… ती कुठे आहेत?”

बाबांनी हनुवटीनेच वर दाखवलं.

पिवळं गवत. मोकळं, ऐसपैस, वाऱ्यात स्तब्ध उभं.

“पार तुमच्या रेघेच्या बुडापासूनची हायत,” बाबा म्हणाले. “कुठंबी हात घाला. म्हनून तिथं कुनी पेरत न्हाई, ढोरं चारत न्हाई. गावातली मानसं वाट सोडून येत न्हाईत. तुमी आलात.”

“मला… माहीत नव्हतं.”

“तुमची दोघंबी तिथंच.”

टाकसाळे उभे राहिले. का उभे राहिलो ते त्यांना कळलं नाही.

“सासऱ्यांनी आनली होती, दोन्ही बारीला. धोतरात गुंडाळून. तुमी नव्हता आलात.”

नव्हते आले. पहिल्या वेळी भाषण होतं. दुसऱ्या वेळी भाषण नव्हतं, पण त्यांनी ते शोधून काढलं होतं. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. कावेरी काहीच म्हणाली नाही. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी जेवणखाण आणि औषधपाणी यापलीकडे बोलत नव्हती. आज सकाळी बोलली, ती एवढंच मागायला.

“कुठे? नेमकी कुठे?”

“वर येकदा थांबला होतात न्हवं? फोन बघाया?”

…

“तिथं.”

टाकसाळ्यांची नजर खाली गेली. पँटच्या घोट्यापाशी कुसळं अजून तशीच होती. दोन्ही पायांना. झटकली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

बाबांनीही पाहिलं.

“धरलं आसंल,” ते मायेने म्हणाले. “बारकी हायत.”

तेव्हा हा एवढा मोठा माणूस ओट्यावर बसला आणि रडला. चार लोकांत डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस, भर उन्हात नाक पुसायचंही भान न ठेवता रडला. म्हातारा समजूत घालायला गेला नाही.

“माझी मुलगी जगेल का, बाबा?”

“रेघ काय म्हनती?”

“रेघ… रेघ म्हणते जगेल. शंभरातली बहुतेक सगळी जगतात आता.”

“नाव काय ठेवलं?”

टाकसाळ्यांनी बाहीने डोळे पुसले.

“नाव, जावईबापू.”

“नाही ठेवलं अजून.” मग अगदी खालच्या आवाजात, “म्हटलं, जगली तर ठेवू.”

बाबांनी रेघेचा कागद उचलला, नीट घडी केली आणि त्यांच्या हातात परत दिला.

“म्हंजी तुमचाबी ह्या रेघेवर भरवसा न्हाई.”

टाकसाळ्यांनी कागद खिशात घातला. त्याच खिशातून टोपडं बाहेर आलं. कावेरीने बाळंतपणाआधी विणलेलं, पिवळ्या लोकरीचं. मोसंबीवर घालावं एवढंसं.

ते उठले आणि जवळचा एक धोंडा उचलायला वाकले.

“हां! ठेवा! तो दुसऱ्याच्या घरचा.”

हात भाजल्यासारखा त्यांनी धोंडा सोडला. “मग मी कुठला आणू? घरचा आणायला खाली उतरावं लागेल, तालुका गाठून पुढे आमच्या घरी जावं लागेल… तेवढ्यात जर…”

त्यांनी खिशावरून फोन चाचपला.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग मांडीवरच्या धोंड्याकडे. आयुष्यभराच्या तेलाने तो काळाभोर आणि गुळगुळीत झाला होता.

“हा घ्या.”

“हा कुणाचा?”

“माझ्या बापानं आनलेला. सहा गेल्यावर शहाना झाला बिचारा. ह्या माळावरचा पयला धोंडा.”

“पण यात तुमचं नाव…”

“नाव हाय खरं. ते काढावं लागंल.”

बाबांनी धोंडा तोंडाशी नेला, डोळे मिटले आणि एक लांब फुंकर घातली. मंद, विस्तव फुंकावा तशी. धोंड्याच्या पलीकडून काहीतरी निघून गेल्यासारखं टाकसाळ्यांच्या गालाला गार लागलं. त्या उन्हात, त्या दुपारी, गार.

“घ्या. मोकळा झाला.”

धोंडा हातात आला तेव्हा कोमट होता. टाकसाळ्यांनी त्याला टोपडं घातलं. फीत बांधली. मग गुडघे टेकून, तोंड अगदी जवळ नेऊन, त्यांनी नाव सांगितलं. त्यांनी ते कधीचं ठरवून ठेवलं होतं. कावेरीपासूनही लपवून ठेवलं होतं. काय नाव ते आपल्याला ऐकू आलं नाही, आणि विचारायची रीत नाही.

धोंडा त्यांनी शेवटच्या ओळीत, जमिनीत जरा दाबून बसवला.

उतारावरचे धोंडे एकदम वाजले. सगळे. एकदाच.

मग खिशातला फोन वाजला.

टाकसाळ्यांनी तो बाहेर काढला. आयुष्यात एवढी भीती त्यांना कशाचीच वाटली नव्हती. शेवटी कानाला लावला.

पलीकडे कावेरी होती. ती काही बोलायच्या आधीच तिच्या मागून आवाज आला. बारीक, चिडका, गळा ताणून काढलेला.

“ऐकलंत?” कावेरी हुंदक्यातून म्हणाली. “अहो, रडली! ऐकलंत ना?”

“ऐकलं,” ते म्हणाले. “ऐकलं गं. नाव ठेवलंय तिचं. येतो, आल्यावर सांगतो.”

फोन ठेवून ते वळले. “बाबा! रडली! बाबा…”

ओट्यावर कुणी नव्हतं. तेलाची वाटी तेवढी होती.

म्हातारा वर पोचला होता. पिवळ्या गवतात, अनवाणी, एकेक पाऊल जपून टाकत, दाटीवाटीच्या पंगतीतून वाट काढावी तसा चालत होता. एका जागी थांबला. खाली वाकून त्याने दोन्ही हातांनी काहीतरी सरकवल्यासारखं केलं, स्वतःपुरती जागा केली आणि बसला.

गवत हललं. आज पहिल्यांदाच. वारा पडला होता, तरी हललं.

“बाबा!” टाकसाळे ओरडले. “तुमचा धोंडा मी मुलीच्या नावाने ठेवून बसलो! आता तुमचं कसं?”

म्हातारा आडवा होत होता. त्याने मान तेवढी वर केली.

“जावईबापू,” तो म्हणाला, “आता जाताना जरा बाजूनं जा.”