दोडका आणि पाण्याची पातळी

एका नदीकाठच्या शहरात एकदा एक वृद्ध संगणकगुरू आणि त्यांची शिष्या काम करत होते. तिथे नदीची पातळी मोजणारे आपली गणितं एका संगणकभाषेत लिहीत, तर गावांना पुराचे इशारे पाठवणारे दुसऱ्या भाषेत. दोघांना जोडणारा प्रोग्राम शिष्येने लिहिला होता. ती मोजणाऱ्यांच्या हाताखाली शिकलेली, म्हणून तिने त्यांच्याच रीतीने प्रत्येक मापाला एकेक अक्षर दिलं होतं: क, प, म. इशारेवाल्यांनी प्रोग्राम उघडला आणि परत पाठवला. "यातलं ओ की ठो कळत नाही. आम्ही हा वापरणार नाही." पावसाळा तर तोंडावर आलेला.

"सर, प्रोग्राम कुठेही अडत नाही," शिष्या फणकारली. "चार अक्षरं वाचायला एवढं काय जड जातं त्यांना?" मग जरा खालच्या आवाजात, "की माझंच काही चुकतंय?"

गुरूंनी संगणक पुढ्यात ओढला. तिच्यादेखत त्यांनी सगळी नावं बदलली. क चा दोडका झाला, प चा घेवडा, म ची गवार. प्रोग्राम चालवला. उत्तर अगदी तेच आलं.

शिष्येला हसू आवरेना. "सर, घरी भाजी न्यायची राहिलीये का?"

"आधी मला यात पाण्याची पातळी दाखव."

तिने बोट दोडक्यावर ठेवलं, मग घेवड्यावर नेलं, आणि थांबली. प्रोग्राम तिनेच तर लिहिला होता.

गुरू म्हणाले, "यंत्राला दोडका चालतो, तसा तुझा ‘क’ही चालतो. त्याला नावाशी देणंघेणं नाही. नाव असतं पुढच्या वाचणाऱ्यासाठी, आणि तो तुझ्या वर्गात शिकलेला नसतो. त्यालाच जाऊन विचार, तो याला काय म्हणतो."

शिष्या इशारेवाल्यांच्या प्रमुख मॅडमकडे गेली. जाताना मोजणाऱ्यांपैकी एकाला ओढूनच नेलं. बरीच हुज्जत झाली, पण दोघांनाही कळेल असं एकेक नाव ठरत गेलं. मग मॅडम पडद्यावरची नव्या नावांची ओळ मोठ्याने वाचू लागल्या. "पुलाजवळची पातळी मीटर, धोक्याच्या खुणेपेक्षा जास्त असेल तर..." त्या अडखळल्या. "मीटर? अगं, आमची धोक्याची खूण फुटांत असते!"

शिष्येने मनातल्या मनात हिशेब केला. पाणी चार मीटर, म्हणजे तेरा फूट चढलं असतं, तरी प्रोग्रामने ते चार त्या खुणेच्या बारा फुटांशी ताडून पाहिले असते आणि तो गप्प बसला असता. गावाला पत्ताही लागला नसता.

तिने मीटरचे फूट करणारी ओळ घातली, खुणेच्या नावापुढे ‘फूट’ लिहिलं आणि खुर्ची मॅडमच्या आणखी जवळ सरकवली.

"मॅडम, पुढची ओळ वाचा ना," ती म्हणाली. "अशीच, मोठ्याने."