जवारीची वेळ

“राजीनामा देऊ की नको, तेवढंच सांगा उस्ताद.”

सुकुमार चौगुले दारातूनच विचारत होता. खिशातून पांढरा लिफाफा अर्धा बाहेर आला होता.

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. ते माझ्या तानपुऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत होते. भोपळ्यावरच्या ज्या हाडाच्या पट्टीवर तारा टेकतात, ती घोडी. तिची पाठ जराशी घासायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, मग तार नुसती वाजत नाही, गुंजायला लागते. याला जवारी लावणं म्हणतात. मिरजेत हे काम करणारे बरेच आहेत, पण मला उस्तादांशिवाय कुणाचं पटत नाही.

“चप्पल काढ,” उस्ताद म्हणाले.

त्यानं एक काढली. दुसरी पायात तशीच ठेवून तो आत येऊन बसला. बसला आणि लगेच उठला.

“आमच्या मॅनेजरनी बोलावलं होतं. बोंद्रे साहेबांनी. म्हणाले, सोमवारपासून सकाळी सहा ते दोन. अकरा वर्षं मी साडेआठला जातोय की हो! पाचपर्यंत उत्तर द्या म्हणाले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तडक इथं आलो.”

“बरं.”

“बरं काय उस्ताद? सहाला कारखान्यात असायचं म्हणजे साडेपाचला मी इथं कसा येणार? माझं शिक्षणच संपलं. दिवाळीनंतर तुझ्या हातची जवारी बाहेर जाऊ दे म्हणालात ना गेल्याच महिन्यात? अकरा वर्षं वाट बघितली त्या एका वाक्याची.”

तो पुन्हा बसला. गुडघा सारखा हलत होता. कारखान्यात तो पंपाचे सुटे भाग तपासतो, आणि तिथं त्याच्या नजरेतून बारीकसा चरा सुटत नाही म्हणे. आज मात्र स्वतःच्या पायातली चप्पल दिसत नव्हती.

“राजीनामा देऊन खाणार काय?” उस्तादांनी विचारलं.

“बघू.”

घरात बायको, दोन शाळकरी मुली. ते ‘बघू’ ऐकून मला भीती वाटली.

“साहेबांनी वेळ का बदलली?”

“विचारलं नाही.”

“त्यांनी सांगितलं नाही?”

“सांगत होते काहीतरी. मी... उठून आलो.”

“तुझी अडचण सांगितलीस?”

“त्यांना काय कळणार त्यातलं?” सुकुमारचा आवाज चढला. “जवारी कशाशी खातात ते तरी माहीत आहे का त्यांना? अकरा वर्षांत मी तिथं एका शब्दानं बोललो नाही. मी इथं येतो हे कुणालाच ठाऊक नाही. अशा गोष्टी त्या लोकांत काढायच्या नसतात.”

उस्तादांनी कानस खाली ठेवली. घोडीवर फुंकर मारली. पांढरी भुकटी उडाली.

“पहाटेशिवाय जवारी लागत नाही, हे त्या माणसाला कोण समजावणार?” सुकुमार म्हणाला.

हा नियम मला चांगलाच माहीत होता. दोन वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी मी भर दुपारी तानपुरा घेऊन आलो, तेव्हा उस्ताद घरी नव्हते आणि सुकुमार ओट्यावर खुंट्या घासत बसला होता. त्यानं मला दारातूनच परत पाठवलं. “दुपारचा कान मेलेला असतो, पहाटे या,” असं त्यानं इतक्या अधिकारानं सांगितलं की मी दुसऱ्या दिवशी सांगलीहून काळोखात निघून, कुडकुडत इथं हजर झालो. त्यानंतर मी सुकुमार नसेल तेव्हाच येतो. घाबरून म्हणा हवं तर.

“हे तुला कुणी सांगितलं?” उस्तादांनी विचारलं.

“काय?”

“पहाटेचं.”

“सांगायला कशाला हवं? तुम्ही पहाटेच शिकवता. आणि त्या वेळचं तुमचं ते मौन... अर्धा अर्धा तास बोलत नाही तुम्ही. डोळे मिटलेले. मी एकेक दिवस वहीत लिहून ठेवलाय.”

“मौन...” उस्ताद म्हणाले.



बाहेर भंगारवाला कर्ण्यावरून ओरडत चालला होता. त्याच्यामागून एक मोटारसायकल भडभडत गेली. समोर कुणीतरी पत्रा ठोकत होतं. उस्तादांनी दोरा चिमटीत धरला, तारेखाली घातला, नखानं मागे घेतला, थोडा पुढे केला. सुकुमार बोलायला गेला तेव्हा त्यांनी डावा हात वर केला.

मग त्यांनी चारही तारा छेडल्या.

त्या सगळ्या गोंगाटात तानपुरा असा भरून बोलला की माझ्या अंगावर काटा आला. माझाच तानपुरा, आणि मला नवा वाटला.

“लागली,” सुकुमार पुटपुटला. अकरा वर्षांत त्याचा कान तयार झाला होता, यात शंका नाही.

मग त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादोन वाजले होते.

“उस्ताद... ही तर दुपार आहे.”

“दुपारच आहे.”

“तुम्ही दुपारी लावता?”

“तुझ्याआधी चाळीस वर्षं दुपारीच लावली. जेवायचं, चहा घ्यायचा आणि बसायचं. हाडावर उजेड नको का पडायला?”

“मग पहाटे?”

“पहाटे तू येतोस.”

सुकुमारचा गुडघा थांबला.

उस्ताद तारा पुसत होते. “पहिल्यांदा आलास तेव्हा सायकल भिंतीला लावलीस आणि म्हणालास, उस्ताद, उद्यापासून साडेपाचला येतो. ती वेळ मला चालते का, हे न विचारताच टांग मारून गेलास. पहाटेची फजरची नमाज झाली की मी परत तासभर आडवा व्हायचो. लहानपणापासूनची सवय होती.”

“आणि ते... ते मौन?”

“झोप येते रे.”

मला हसू फुटलं. पण सुकुमारचा चेहरा पाहिला आणि ते माझं मलाच गिळावं लागलं. त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं खाली पाहिलं, तेव्हा कुठं त्याला पायातली चप्पल दिसली. त्यानं ती काढली आणि हातात तशीच धरून राहिला.

“अकरा वर्षं उस्ताद... रोज...”

“थंडीत जरा जड जायचं.”

“मला सांगायचं तरी!”

उस्तादांनी पुन्हा तारा छेडल्या आणि ऐकत राहिले.

“चुकलो,” सुकुमार म्हणाला. त्यानं उठून चप्पल दाराबाहेर नेऊन ठेवली, पहिलीच्या शेजारी. परत येताना घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा त्याची घालमेल सुरू झाली. तो उभाच राहिला. “पण पाचपर्यंत उत्तर द्यायचंय मला. म्हणजे आता सहा ते दोनला हो म्हणू? दुपारी तुमच्याकडे येता येईल. की नाही म्हणू? पण मुलींच्या शाळेचं... की वेळेत थोडी सवलत मागू? नक्की काय सांगू साहेबांना?”

“सांगू नकोस. आधी विचार.”

भोपळ्याखालची चुंबळ सरकली होती, त्यामुळे तानपुरा एका बाजूला कलत होता. उस्तादांनी हात लांब करून सुकुमारच्या खिशातला लिफाफा काढून घेतला, त्याची चार पदरी घडी घातली आणि भोपळ्याखाली सारली. तानपुरा स्थिर झाला.

सुकुमार त्या लिफाफ्याकडे पाहत राहिला. त्यानं तो परत मागितला नाही.

“काय विचारू, उस्ताद?”

उस्तादांनी कानस फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली.

“मला अकरा वर्षांत जे विचारलं नाहीस, ते.”