न तासलेला गाल

"एवढंच सांगा बाबा, हा खांब कुणाच्या घरचा?"

मामंजी माझे सासरे. ते पटाशीला धार लावत होते.

"वरच्या आळीतला, की खालच्या वस्तीतला?"

"कोण विचारतंय?"

"देवळाची कमिटी."

"आणि तू?"

रेवण पायानं ढलप्या सारू लागला. मी चहा घेऊन आले होते, ती कपबशी हातात धरून तशीच उभी राहिले.

रेवण मामंजींचा शिष्य. सगळ्यांत हुशार, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मामंजींकडे शिकला, मग कोल्हापुरात जाऊन कोर्स केला, आता त्याच्या कार्डावर नावाखाली 'शिल्पकार' असं छापलेलं असतं. मामंजींना गाव अजून सुतारच म्हणतं.

गावच्या देवीची नवी मूर्ती करायचं काम कमिटीनं रेवणला दिलं होतं. लाकूड त्यानं आमच्या घरामागच्या परड्यातून निवडलं, एक जुना खांब, आणि इथंच बसून तो ते कोरत होता.

आमचं परडं म्हणजे… लग्न होऊन आले त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला भंगारवाल्याकडे दिलं. रस्ता रुंद करताना पाडलेल्या घरांचे खांब, दारं, तुळया, मोडकं जू, कुणाचा तरी पाळणा. मामंजी उभ्या झाडाला हात लावत नाहीत. म्हणतात, त्याला त्याची कामं असतात. पाडापाडी झाली की बैलगाडी घेऊन जातात आणि जे मिळेल ते आणतात. कुणाच्या घरचं, ते कधीच सांगत नाहीत.

आणलेल्या लाकडाला लगेच हत्यारही लावत नाहीत. त्याच्यावर हात ठेवून बसतात. मी एकदा विचारलं, काय करता? म्हणाले, "विचारतो, बाबा, तुझं आधीचं काम झालं का?"

"आणि ते सांगतं?"

"घाई केली नाही तर सांगतं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "मला चाळीस वर्षांत असं कधी विचारलं नाही."

मामंजींनी ऐकू न आल्यासारखं केलं.

तर कमिटीचा प्रश्न असा होता. मला तो प्रश्न चांगला ओळखीचा होता. नवी सून आणि जुनं लाकूड, दोघांना गाव पहिलं हेच विचारतं. कुठून आणलं?

"सांगा ना बाबा."

"तू इतके दिवस त्याला तासतोयस. तुला कळलं नाही?"

"लाकडावरून कसं कळणार?"

"मग त्यांना देवीवरून कसं कळलं?"

"कळलं नाही म्हणून तर विचारतायत!" रेवणचा आवाज चढला. "अध्यक्ष म्हणाले, सांगता येत नसेल तर राहू दे, आम्ही जयपूरची संगमरवरी मूर्ती आणतो. माझं काम जातंय बाबा. आईनं अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय, पोरगा देवी घडवतोय म्हणून. तुम्ही नुसतं 'वरच्या आळीतला' म्हणा. कोण तपासायला येतंय?"

"मग तूच म्हण."

"माझ्यावर विश्वास नाही त्यांचा."

"आणि माझ्यावर आहे?"

"तुम्ही खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

मामंजी हसले. "म्हणून माझ्याकडून बोलून घ्यायला आलास होय!"

रेवणचे कान लाल झाले. मी चहा खाली ठेवला. कुणी घेतला नाही. एव्हाना त्याच्यावर साय धरली होती. मी झाडू-पाटी घेऊन ढलप्या गोळा करू लागले.

थोड्या वेळानं रेवण म्हणाला, "मी एक मार्ग काढलाय. कमिटीला सांगितलं, समजा खालच्या वस्तीतला असला, तरी वापर झालाय तो फक्त वरच्या थराचा. तो तासून टाकला की आतलं लाकूड नवंच. कुणाचा हात लागलेला नाही. त्यावर ते जरा निवळले. भटजीही हो म्हणाले."

"हुशार आहेस."

"तुमचाच शिष्य."

"मग तास."

मामंजी उठले. कोपऱ्यातला वाकस उचलला आणि रेवणच्या हातात दिला. वाकस म्हणजे लाकूड तासून काढायचं आडव्या पात्याचं हत्यार, एका घावात बोटभर ढलपी उडते.

देवी चिंचेच्या बुंध्याला टेकून उभी होती. पायापर्यंत कोरून पुरी झालेली. मुकुट, कपाळ, नाक, ओठ. डोळे फक्त मिटलेले, कारण डोळे शेवटी, देवळात, मुहूर्तावर, भटजींच्या समोर उघडायचे असतात.

रेवणनं तिच्याभोवती एक फेरी मारली. पाठीमागून पाहिलं, खालून पाहिलं.

"काय शोधतोस?"

"वरचा थर."

"तो तर गेला. मुकुट काढताना गेला, नाक काढताना गेला. सूनबाईनं रोज सकाळी चुलीत घातला." मामंजींनी बोट देवीच्या उजव्या गालावर ठेवलं. "राहिला तो एवढाच."

रेवणनं वाकून पाहिलं.

तो गाल मी रोज झाडताना बघत आले होते. बाकी सगळ्या अंगावर पटाशीच्या खुणा होत्या. गालावर एक नव्हती. तिथं खांबाचं मूळचं अंग तसंच होतं, तपकिरी, तुकतुकीत, नुकतं तेल लावल्यासारखं. देवी जिवंत वाटायची ती त्या गालामुळं. बघायला येणारा प्रत्येक जण हात पुढं करायचा आणि मग मागं घ्यायचा.

"इथं हत्यार का लावलं नाहीस?"

"लावायची गरज नव्हती… तयारच होतं."

"कुणी केलं तयार?"

सोप्यातला, म्हणजे ओसरीवरचा खांब. उठताना म्हातारी माणसं धरतात. पोरं त्याला धरून गरागरा फिरतात. कुणी रडत टेकतं, कुणी वाट बघत टेकतं. हे मामंजी बोलले नाहीत.  पण रेवणचा डावा हात आपोआप वर गेला आणि त्या गालावर थांबला. उजव्या हातात वाकस होता.

"तास," मामंजी म्हणाले.

रेवणनं वाकस उचलला.

माझ्या हातातला झाडू थांबला. देवीचं काय व्हायचं ते होवो, मला त्या क्षणी रेवणचा राग आला होता, आणि मामंजींचा त्याहून जास्त. असला खेळ कुणी खेळतं?

"थांबलास का?"

"बाबा, गाल गेला तर… ती राहणार नाही."

"आणि ठेवलास तर?"

"तर मी राहणार नाही. गावात."

"मग बघ बाबा. मला कशाला विचारतोस?"

मामंजी पुन्हा धारेच्या दगडापाशी जाऊन बसले. जणू संपलं सगळं.

रेवणनं वाकसाच्या पात्यावरून अंगठा फिरवला. मग त्यानं वाकस खाली टाकला. अलगद ठेवला नाही, टाकला. मामंजींच्या पुढ्यातली पटाशी उचलली, सगळ्यांत बारीक होती ती, नुकती धार लावलेली. आणि देवीसमोर गुडघे टेकून बसला.

माझ्या लक्षात आलं तो काय करतोय. मामंजींच्याही आलं. त्यांचा दगडावरचा हात थांबला.

डोळे इथंच उघडायचे. मुहूर्त नाही, भटजी नाहीत, कमिटी नाही. एकदा उघडले की मिटता येत नाहीत, आणि मग मूर्तीला हत्यारही लावता येत नाही.

"वहिनी, बाजूला व्हा," रेवण वळून न बघता म्हणाला. "पहिली नजर कुणावर पडू नये. झेपत नाही म्हणतात. तिथं आरसा धरायचा असतो."

मी देवीच्या बरोबर समोर होते. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात ढलप्यांची पाटी.

या घरात आल्यापासून बाजूला होण्यातच माझा दिवस जायचा. कुणी आलं की बाजूला, कुणी जेवायला बसलं की बाजूला.

मी हलले नाही.

रेवणनं मामंजींकडे पाहिलं. मामंजी चिंचेकडे बघत होते. चिंचेत बघण्यासारखं काही नव्हतं.

पटाशी लागली. आधी डावा, मग उजवा.

तिनं माझ्याकडे पाहिलं. झेपलं मला. नजर तशी काही कडक नव्हती. आपल्याकडचंच कुणीतरी आपल्याला बघून ओळख दाखवतं, तेवढीच.

रेवण उठला. त्याची मान ताठ होती. पहिल्यांदाच ती कुणाला दाखवण्यासाठी ताठ नव्हती.

"आता मी कमिटीकडे जातो. सांगतो, वरचा थर तासणार नाही. कुणाच्या घरचा ते विचारणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका. डोळे उघडलेत. न्यायची तर अशीच न्या."

"जा."

तो परड्याच्या दारापर्यंत गेला. तिथं अडखळला. वळून त्यानं अगदी हळू विचारलं,

"आणि बाबा… त्यांनी नाही घेतली तर?"

मामंजींनी थंड झालेला चहा उचलला, साय बोटानं बाजूला केली, एक घोट घेतला.

"तर ती सुटली."