उंबऱ्यातून दिलेला निकाल

एका गावात दौलत मेस्त्री नावाचा एक टीव्ही दुरुस्त करणारा होता, आणि गाव त्याला वैद्यासारखा मान द्यायचं. कारण तो घरात पाऊल न टाकता रोग सांगायचा. उंबऱ्यात उभा राहायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "ट्रान्सफॉर्मर गेलाय." उघडून बघावं, तर तोच गेलेला. पण ही गोष्ट पेटाऱ्याएवढ्या जुन्या टीव्हींची. ते टीव्ही शिट्टी मारायचे, चरचरायचे, जळका वास सोडायचे. कान आणि नाक शाबूत असलेल्या माणसाला त्यांचं दुखणं कळायचं, आणि दौलतची दोन्ही शाबूत होती.

मग भिंतीला टांगायचे चपटे टीव्ही आले. ते ना शिट्टी मारतात, ना वास सोडतात. गपचूप मरतात. दौलत तालुक्याला जाऊन महिनाभर त्यांचंही काम शिकून आला. पण पहिल्याच टीव्हीची काच उचलताना ती त्याच्या हातात तडकली. तेव्हापासून त्याने काचेची धास्ती घेतली, आणि धास्ती घेतलीय हे सांगायची त्याला लाज वाटली. मग त्याने सोपी वाट काढली. चपटा टीव्ही काळा पडला की बाहेरूनच म्हणायचं, "पॅनेल गेलं, म्हणजे पडदाच गेला. आता नवाच घ्या." लोक माना डोलवायचे. मेस्त्री म्हणतोय म्हणजे गेलंच असणार.

त्याच गावात शेवंता राहायची. द्राक्षं पेट्यांत भरायच्या शेडवर ती कामाला होती. तिची पोरगी रोहिणी खो-खो खेळायची. अकराव्या वर्षी पोरगी खेळाच्या वसतिगृहात गेली, त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत शेवंताने तिचा एक सामना डोळ्यांनी बघितला नव्हता. शेडवरून सुटका झाली तर ना! आणि आज रोहिणी राज्याच्या संघातून अंतिम सामना खेळणार होती. दुपारी चार वाजता, टीव्हीवर.

शेवंताने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सतरंज्या अंथरल्या. शेजारची हौसाक्का दीड वाजल्यापासून सगळ्यात पुढची जागा अडवून बसली. दोन वाजता टीव्ही लावला, तर आवाज खणखणीत, आणि चित्र नाही. काळं कुळकुळीत.

मग जे सगळीकडे होतं तेच झालं. एकाने टीव्हीच्या पाठीत दोन धपाटे घातले. एक जण पत्र्यावर चढून डिशची छत्री फिरवायला लागला. हौसाक्का खालून ओरडली की आवाज येतोय तर छत्रीचा कान कशाला पिळतोस, उतर खाली. कुणी म्हणालं, वरच्या आळीत कुणाच्या तरी घरी जाऊन बघू. शेवंताने साफ नाही म्हटलं. पोरीला अर्ध्या चड्डीवर पळायला धाडलीस म्हणून ज्यांनी तोंडं वाकडी केली होती, त्यांच्याच दारात आता जाऊन बसायचं? मोबाइलवर बघावं तर आळीत रेंज नावालाच. आळीत दुसरा टीव्ही होता तो एकट्या हौसाक्काचा, आणि तो गेल्या उन्हाळ्यात असाच, आवाज चालू असताना काळा पडला, तेव्हा दौलतने मेलेला ठरवला होता. दोघींनी एकाच दसऱ्याला, एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे घेतलेले ते टीव्ही. हौसाक्काचा आता ज्वारीच्या पिंपावर झाकण म्हणून पडला होता.

दौलतला बोलावणं गेलं. तो आला. उंबऱ्यात थांबला. खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"पॅनेल गेलं, वहिनी," तो म्हणाला.

  शेवंताला वाटलं, एखादी वायर निसटली असेल. तिने मोबाइलची टॉर्च लावली, टीव्हीच्या कडेला गाल टेकवला आणि मागे हात घालून चाचपायला लागली. टॉर्चचा उजेड काचेवर तिरका पडला.

आणि दौलतला दिसलं. उजेडाच्या त्या गोलात पोरी पळत होत्या. धुरकट, राखाडी, पण पळत होत्या. चारच्या सामन्याची जाहिरात चालू होती.

त्याला लख्ख कळलं. चित्र जिवंत होतं. चित्राच्या मागचा उजेड तेवढा मेला होता. तंबूतले दिवे जावेत आणि अंधारात खेळ चालूच असावा, तसं. मागच्या दिव्यांची एक पट्टी बदलली की काम झालं. पण पट्टी आणायला तालुक्याला जाऊन यायला दोन तास, आणि घड्याळात अडीच वाजलेले. तशीच पट्टी जवळ होती एकाच ठिकाणी. ज्वारीच्या पिंपावर.

म्हणजे हौसाक्काच्या टीव्हीचंही पॅनेल गेलं नव्हतं, हे आता सगळ्यांदेखत तिला सांगावं लागणार. त्या बाईची जीभ अख्ख्या गावाला ठाऊक. आणि वर ती काच उचलावी लागणार.

बाकी कुणालाच काही दिसलं नव्हतं. सगळे शेवंताच्या हाताकडे बघत होते. दौलत गप निघून गेला असता, तर या जन्मात कुणाला कळलं नसतं. तो निघालाच. एक पायरी उतरलासुद्धा.

तेवढ्यात आतून शेवंताचा आवाज आला. ती हौसाक्काला विचारत होती, "अक्का, नुसतं ऐकून कळंल का गं, ती कुठं पळती ते?"

हौसाक्का पुढची जागा सोडून तिच्याजवळ जाऊन बसली.

दौलत जागीच थांबला. त्याने चपला काढल्या आणि तो आत आला.

"वहिनी, मी न बघता बोललो," तो म्हणाला. "पॅनेल चांगलं हाय. मागचे दिवे गेल्यात." मग त्याने मान खाली घातली. "आणि अक्का, तुमचंपण गेलं नव्हतं. तुमचा टीव्ही मी बघितलाच नव्हता."

 सगळे हौसाक्काकडे बघायला लागले. ती उठली, पदर खोचला.

"वरीसभर ज्वारीला टीव्ही दाखवतीया मी," ती म्हणाली. "तुझी हजेरी मागनं घेते. आत्ता काय पायजे ते बोल."

"तुमचा टीव्ही."

मग घराला जी गती आली! पिंपावरचा टीव्ही दोघांनी उचलून आणला. खाटेवर धुतलेली चादर अंथरली. प्लग काढला, स्क्रू निघाले, ते वाटीत पडले. सगळं भराभर झालं, आणि काचेपाशी येऊन दौलतचे हात थांबले.  आता एवढं सांगितलंच आहे, तर हेही सांगून टाकलं. म्हणाला, माझ्या हातून एक काच फुटलीय, तेव्हापासून मी काच उचलतच नाही.

शेवंताने हात धुतले, कोरडे केले आणि त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "शेडवर दिवसाला हजार घड उचलते मी. एक मणी चेपत नाही," ती म्हणाली. "कुठं धरू, तेवढं सांगा."

त्याने सांगितलं. दोन्ही तळवे सपाट, कडेला, दाब सगळीकडे सारखा. दोघांनी एकदमच हात घातला. काच हलली, उठली, पापडासारखी जराशी लवली.  आणि ती अलगद खाटेवरच्या चादरीवर टेकली. कुठे चरा नाही की तडा नाही.

काचेखाली पांढऱ्या कागदासारख्या पातळ थरांची चळत होती. ती ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने मांडीवर धरायचं काम हौसाक्काला मिळालं. दौलतने तिला बजावलं की बोलू नका, थुंकीचा शिंतोडा उडाला तर चित्रावर डाग पडेल. हौसाक्का अर्धा तास तोंड मिटून बसली. आळीतली माणसं त्या अर्ध्या तासाची आठवण अजून काढतात.

खाली तीन पट्ट्या होत्या. दौलत एकेका दिव्याला मीटरची टोकं लावत गेला. मधल्या पट्टीत एका दिव्याच्या मधोमध करपलेल्या मोहरीएवढा काळा ठिपका सापडला. एवढासा तो दिवा, पण दिवाळीच्या माळेसारखं असतं ते. एक गेला की सगळी माळ बंद. मग हौसाक्काचा टीव्ही उघडला. त्याचीही काच शेवंतानेच धरली, आणि या वेळी दौलतचे हात थांबले नाहीत. त्यातली एक चांगली पट्टी काढून इकडे बसवली. कागद जागेवर, काच जागेवर, स्क्रू जागेवर.

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. दौलतने प्लग लावला आणि बटण दाबलं.

उजेड आला. हिरवं मैदान आलं, पिवळे खांब आले, आणि पोरीच पोरी. घरात एकच गलका झाला. शेवंता मात्र पडद्यावर बोट फिरवत एकेक तोंड शोधत होती. तिघींची नवी तुकडी मैदानात उतरली. त्यातल्या उंच पोरीकडे बघून ती पुढे सरकली आणि हळूच म्हणाली, "ही? ही माझी?"

सुट्टीला दोन दिवस घरी येणारी पोरगी खेळाच्या कपड्यांत एवढी मोठी दिसत होती. आणि काय पळत होती! डावीकडची हूल देऊन उजवीकडे. मागची बोटं पाठीला लागणार, तेवढ्यात ती खांबाला गिरकी घेऊन पार. एक मिनिट. दीड मिनिट. बरोबरच्या दोघी बाद झाल्या, रोहिणी पळतेय. हौसाक्का उकिडवी बसून सतरंजीवर हात आपटत होती. पत्र्यावर चढलेला गडी दारातच नाचत होता. दौलत धुळीने माखलेल्या अंगाने खाली बसला होता आणि त्याला डोळे पुसायचंही भान नव्हतं. दोन मिनिटं झाली. मग रोहिणी लांब झेपावली, पडली, आणि बाद झाली. उठली ती हसत. कॅमेरा तिच्या तोंडावर थांबला. शेवंताने दोन्ही तळवे सपाट करून टीव्हीच्या कडांना लावले, मघाशी काच धरली होती तसे.

दुसऱ्या दिवसापासून दौलत पाच घरी फिरला. या पाचांचं पॅनेल गेलं, असं तो न उघडता बोलला होता. एकाने दार तोंडावर लावलं. बाकीच्या चार घरी त्याने टीव्ही उघडून बघितले. एकाचं पॅनेल खरंच गेलं होतं. तीन चालू झाले. तालुक्याहून पट्टी आणून हौसाक्काचाही चालू केला, आणि ते करताना तिची पूर्ण हजेरी मान खाली घालून ऐकली.

आणि सामना कोण जिंकलं, हे शेवंताला शेडवर गेल्यावर दुसऱ्यांना विचारावं लागलं. तिने फक्त पोरगी बघितली होती.

तात्पर्य: न बघता निकाल देणारा दुसऱ्याच्या घरात अंधार करतो, पण चूक कळताच त्याच पावली मागे फिरून जो ती चारचौघांत कबूल करतो, त्याच्याच हातून पुन्हा उजेड होतो.